मोटेच्या तोंडाकडचं कातडं

माझी शाळा चौथीच्या निम्म्यातच सुटली. अक्षर वळणाचं नाही आणि कुठे थांबावं तेही कळत नाही. पण कातड्याच्या कामात उभ्या जन्मात माझी चूक कोणी दाखवली नव्हती. ती आता माझी मलाच दाखवावी लागते आहे, म्हणून ही वही घेतली. आमचं गाव शेलूबाजारच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. वहाणा, बैलांचे पट्टे, चाबकाच्या वाद्या, घागरमाळा असं सगळं मी केलं. माझ्या हातची वस्तू वापरून वापरून झिजली, पण तुटली नाही. हे मी चारचौघांत सांगायचो. जरा जास्तच सांगायचो, असं बायको म्हणते.

गोठ्याच्या आढ्याला माझ्या बापाची मोट टांगलेली होती. मोटारी नव्हत्या तेव्हा बैलांच्या जोरावर विहिरीतून पाणी ओढून काढायची ती कातड्याची थैली. म्हशीचं कातडं बाभळीच्या सालीत भिजत घालून, उलटंपालटं करत, बापानं ते कित्येक महिने खपून कमावलं होतं. गावात मोटारी आल्या आणि मोट आढ्याला गेली. ती माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथेच. चिमण्यांनी तिच्यात घरटी केली, उंदरांनी पाणी ओतायच्या सोंडेचं टोक खाल्लं. तिच्या तोंडाचं लोखंडी कडं गंजून गंजून कातड्यातच रुतून बसलं. तरी मी ती काढू दिली नाही. आलेल्या माणसाला वर बोट करून दाखवायचो, ते माझ्या बापाचं काम.

माझी धाकटी लेक जऊळक्याकडे दिली आहे. जावई शेती करतो आणि त्याला शंकरपटाचा, म्हणजे बैलजोडीच्या शर्यतीचा, भारी नाद. मधली कित्येक वर्षं पट बंद होता, तेव्हा हा माणूस सुतक असल्यासारखा फिरायचा. पट पुन्हा सुरू झाला तसा त्यानं पांढऱ्या गोऱ्ह्यांची एक जोडी तयार केली. धुरकरी तो स्वतःच. धुरकरी म्हणजे त्या हलक्या छकड्यावर उभा राहून जोडी पळवणारा. उंच, हसरा, दोन लेकरांचा बाप.

पोळा होऊन आठेक दिवस झाले असतील, तेव्हा तो आला. नायलॉनच्या पट्ट्यानं बैलांच्या माना सोलून निघतात म्हणाला. त्याला कातड्याचे जोते पाहिजे होते. जू बैलाच्या मानेवर बसतं आणि मानेखालून त्याला धरून ठेवणारा पट्टा म्हणजे जोतं. बैल चालत असताना ते तुटलं तर फार काही होत नाही. बैल जीव खाऊन पळत असताना तुटलं, तर एक बैल मोकळा होतो, जू एका बाजूला पडतं, पुढचं लाकूड जमिनीत घुसतं आणि छकड्यावरचा माणूस चाकाच्या पुढे जाऊन पडतो. हे मला त्यानं सांगायची गरज नव्हती. मी लहानपणी असा एक माणूस खाटेवर घालून नेताना पाहिला होता.

मी म्हटलं, आता तसं कातडं कोणी कमावत नाही. बाजारात मिळतं ते नुसतं कागदासारखं. तेवढ्यात त्याची नजर वर गेली.

"मामाजी, मंग हे कायले टांगून ठेवलं?"

"माझ्या बापाचं हाय ते."

"त्याचेच जोते करून द्या ना. तुमच्या बुढ्याचे जोते असले की जोडी हारत नव्हती म्हणते लोक."

तिथेच मला नाही म्हणता आलं असतं. इतक्या वर्षांच्या कातड्याचा भरवसा धरू नये हे मला त्या वेळीही ठाऊक होतं. पण माझ्या दारात येऊन माझ्या बापाचं नाव घेणारा माणूस किती वर्षांनी आला होता. मी म्हटलं, दिवाळीच्या आधी घेऊन जा.

मोट खाली काढली तेव्हा ती पत्र्यासारखी वाजली. जशी टांगली होती तशीच राहिली, घडी उलगडेना. बापाचं सांगणं होतं की जुन्या कातड्याला पाणी दाखवायचं नाही, नुसतं तेल दाखवायचं. आज तेल, आठ दिवसांनी पुन्हा तेल, असं दोन महिने. मधात घाई केली तर ते माणसाला फसवतं. पण मला दिवाळी गाठायची होती, आणि जन्मभर नवं कातडं मी पाण्यातच मऊ केलं होतं. जन्मभर विहिरीत बुडालेलं कातडं, त्याला पाण्याचं काय भेव, असा मी विचार केला. मोटेचा पोटाकडचा भाग कापून घेतला. तोच जाड आणि चांगला होता. चुलीवर पाणी कोमट केलं, आणि कातडं लवकर नरमावं म्हणून वर आणखी थोडं कढत पाणी ओतलं.

विस्तवावर टाकलेला पापड आखडतो तसं ते घमेल्यात आखडलं. मी हात घालून काढेपर्यंत निम्म्याहून लहान झालं होतं, काळं पडलं होतं आणि कडेनं डिंकासारखं चिकट झालं होतं. वाळल्यावर काचेसारखं झालं. बायको वावरात गेली होती. ती यायच्या आत मी ते उकिरड्यात खोल पुरलं.

आता उरला होता तो मोटेच्या तोंडाकडचा भाग, ज्यात कडं गंजलं होतं. लोखंडाचा गंज कातड्याला आतून खातो, हे आमच्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला त्या दिवशी ते कळून घ्यायचं नव्हतं. जावयाला फोन करून, चांगला भाग माझ्या हातानं वाया गेला, एवढं सांगायला पाहिजे होतं. ते एक वाक्य मी बोललो नाही, आणि पुढचं सगळं त्या एका वाक्यापायी झालं.

रापी लावली तर कातडं कापलं जात नव्हतं, चुरत होतं. लाल भुकटी पडायची. बोटांना, धोतराला, रापीच्या पात्याला, सगळीकडे लाल. शिंका यायच्या. बायको दारात येऊन म्हणाली, गेरू सांडला का तुमच्या हातून, पोळा तर होऊन गेला. मी म्हटलं, जुनी माती हाय. ती वाकली, बोटावर थोडी भुकटी घेतली, दोन बोटांत चोळली आणि फडक्याला पुसली. त्या पुसण्यानं मला राग आला. मी दार लोटून घेतलं.

करंजीचं तेल आणि एरंडीचं तेल मिसळून रोज चोळलं. पंधरा दिवसांत ते पट्टे असे झाले की पाहणाऱ्याची नजर ठरू नये. काळेशार, चकाकते, हातात लवचीक. दोन पदर एकावर एक ठेवून वादीनं शिवले. टोकाला तीन आडवे टाके घातले, आमच्या घरची खूण. बाप ती घालायचा, म्हणून मीही घालतो.

कातड्याची शेवटची पारख कानानं करायची असते. पट्टा कानाशी धरून हळू वाकवायचा. जिवंत कातडं बोलत नाही. मेलेलं बोलतं. मी पहिला पट्टा कानाशी धरला. आतून वाळलेल्या तुरीच्या शेंगेसारखं बारीक कटकट वाजलं. दुसरा धरला, तेच. मी स्वतःला सांगितलं की आपण जास्त वाकवला. मग सांगितलं की आपले कान म्हातारे झाले, ते काहीही ऐकतात. पट्टे खुंटीला टांगले आणि पुन्हा कानाशी नेले नाहीत.

दिवाळीच्या चार दिवस आधी जावई आला. पट्टे पाहून तो लहान लेकरासारखा हसला. एक पट्टा कमरेला बांधून त्यानं दोन्ही हातांनी ओढून पाहिला. मी जागचा उठलो नाही. तो गाडीला किक मारून गेला, तेव्हा बायको तुळशीपाशी उभी होती.

"तुमाले खात्री हाय ना?" तिनं विचारलं.

"माझ्या हातचं कवा तुटलं का?"

"मी हाताचं नाही इचारलं. कातड्याचं इचारलं."

मी गोठ्यात निघून गेलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून जावयाचा फोन आला की ती हातातलं काम थांबवून ऐकत उभी राहायची. मीही लावायचो फोन. सांगायचंच असं ठरवून लावायचो आणि मग तूर कशी आहे, गोऱ्हे खातात का, असं विचारून ठेवून द्यायचो. रस्त्यानं बैलगाडी गेली तरी माझी नजर बैलाच्या मानेखाली जायची.

हायवेच्या पलीकडे, सोयाबीन निघालेल्या वावरात पट भरला. जावयानं जोडी पिकअपमधून आणली. भोंगा, चहाची टपरी, धूळ, माणसंच माणसं. गोऱ्ह्यांना माझे जोते घातलेले होते आणि पांढऱ्या मानेवर ते काळं कातडं खरंच शोभत होतं. लोक येऊन पाहत होते. मी पुढे उभा राहिलो. मला तिथून हलता आलं नाही असं मी आता म्हणतो, पण खरं सांगायचं तर लोक वाहवा करत होते आणि मला ती ऐकायची होती.

जोडी सुटली. किती सेकंद ते भोंग्यावर सांगितलं, मला ते ऐकू आलं नाही. मला फक्त एक ऐकू येत होतं, ती तुरीची शेंग. जावई छकड्यावर पाय रोवून उभा होता, शर्ट फुगला होता, आणि मी त्याच्याकडे न पाहता बैलांच्या मानेकडे पाहत होतो. जोते टिकले. पहिल्या फेरीत जोडी पहिली आली. लोकांनी त्याला उचललं, आणि त्याच्या पाठोपाठ माझ्याही पाठीवर थापा पडल्या.

किन्हीराजाचा एक जोडीवाला होता, माझ्याच वयाचा, जुनी ओळख. तो जवळ आला.

"अजून जिता हायेस का बे बुढ्या?"

"तुह्या बैलाच्या आधी मरत नाही मी."

तो हसला आणि अंगठ्यानं जोतं चाचपू लागला. असं कातडं आता सपनातच पाहायला मिळतं म्हणाला. मला एक दे म्हणाला, काय पाहिजे ते माग. मी छाती काढून सांगत होतो, बापाचं कमावलेलं आहे, बाभळीच्या सालीतलं. सांगता सांगता माझं लक्ष त्याच्या अंगठ्याकडे गेलं. तो लाल झाला होता. त्यानं तो धोतराला पुसला, गुलाल समजून. मी गोऱ्ह्याच्या मानेकडे पाहिलं. घामात मिसळून एक लाल ओघळ गळ्यापर्यंत उतरला होता.

तो गेल्यावर मी जोतं उलटं करून पाहिलं. जिथे लाकडी खुंटी भोकातून जाते तिथे आडवी भेग पडली होती. नख सहज आत गेलं. शेवटच्या फेरीला अजून वेळ होता. जावई लिंबू-पाणी पीत मित्रांमध्ये उभा होता.

मी त्याला पाण्याच्या टँकरच्या आडोशाला नेलं.

"जोते काढ," मी म्हटलं.

"काहून?"

"काढ म्हटलं ना."

तो हसायला लागला. "आताच पाह्यलं ना तुमी मामाजी, कसे धरून होते. भेऊन राह्यले का?"

"ते कातडं मेलेलं हाय."

"कवापासून?"

"मी कापलं तवापासून."

त्याच्या हातातला पेला तसाच राहिला. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "तुमाले ठाऊक होतं?"

"होतं."

त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो वळून गेला आणि गोऱ्ह्यांचे जोते सोडू लागला. मी मागोमाग गेलो. भोवती माणसं जमली. जिंकलेले जोते काहून काढता, कोणीतरी मोठ्यानं विचारलं. जावयानं हात थांबवले. तो माझ्याकडे पाहत राहिला. उत्तर मी द्यायचं होतं. दहा-पंधरा माणसं ऐकत होती. सगळे जोडीवाले, सगळे मला ओळखणारे.

मी म्हटलं, "बैलाच्या मानेले घासून राह्यले."

बस्, एवढंच. टँकरच्या मागे खरं बोललो आणि माणसांसमोर खोटं. मला वाटलं, जीव वाचला आणि नावही वाचलं. काढलेले जोते कोणीतरी पिकअपच्या चाकापाशी टाकले. नायलॉनचे पट्टे घालून जोडी सुटली आणि चौथी की पाचवी आली. मी जोते उचलायला गेलो तर चाकापाशी एकच होतं.

पिकअपमधला भुसा उकरला, खाली वाकून पाहिलं, बैलांच्या झुली झटकल्या. जावई दोर आवळत होता. त्याला विचारलं. माझ्याकडे न पाहता तो म्हणाला की मी एकही उचललं नाही, आणि मागचं फाळकं लावून घेतलं. जाताना नेहमी तो वाकून पाया पडायचा. त्या दिवशी पिकअप तशीच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. ती रडत नव्हती. "बाबा," तिनं विचारलं, "पयली फेरी तुमी पाहत होते ना?" मी हो म्हटलं. तिनं फोन ठेवला. त्यानंतर ती आईशी बोलते. मी जवळ असलो तर बोलणं आवरतं घेते.

उरलेलं जोतं मी गुडघ्यावर धरून वाकवलं. जोर लावावा लागला नाही. शिळ्या भाकरीसारखा तुकडा पडला. वरचा काळा चकाकता भाग नखाएवढा जाड, आणि आत सगळं विटेच्या भुकटीसारखं लाल. बायको पाहत होती. ती म्हणाली, दुसरं कोणाकडे गेलं? मला सांगता येईना. ती म्हणाली, मग शोधा.

पहिल्यांदा किन्हीराजाला गेलो. त्याच जोडीवाल्याकडे. ओसरीवर चहा झाला आणि मग मी विचारलं. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी चोर हाय का?"

मी म्हटलं तसं नाही, ते कातडं खराब आहे. तो उठून उभा राहिला. खराब होतं तर तुह्या जवायाच्या जोडीले काहून घातलं, असं त्यानं विचारलं. जिंकून आलेलं जोतं खराब आणि मी मागितल्यावर तर जास्तच खराब, वा रे बुढ्या. त्याचा माझ्यावर विश्वास बसला नाही. का बसावा? पटावर त्यानं माझ्याच तोंडून दुसरं ऐकलं होतं. त्याच्या गोठ्यात मला पाऊल टाकू दिलं नाही. तिथे ते होतं की नव्हतं, मी सांगू शकत नाही.

मग मी पट धरले. ज्या गावात पट असेल तिथे जीपनं जायचं, जिथे जोड्या जुंपतात तिथे उभं राहायचं आणि एकेका मानेखाली पाहायचं. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याला नाद लागला. कोणी खुर्ची द्यायचे. पण फेरीच्या आधी परक्या माणसाचा हात जोडीला लागू देत नाहीत, नजर लागते म्हणून. जरा जवळ गेलो की चाबकाची मूठ आडवी यायची. कित्येक बैलांना मानेवरून गोंडे आणि झुली सोडलेल्या, खालचं काही दिसायचं नाही. प्रत्येक जोडी सुटताना मी कान देऊन उभा राहायचो.

हंगामातल्या शेवटच्या पटात मी भोंगेवाल्याकडे गेलो आणि माईक मागितला. त्याला वाटलं मी बक्षीस जाहीर करणार. मी सांगितलं. माझं नाव, माझ्या बापाचं नाव, ती मोट, तो गंज, आणि मला ठाऊक होतं हेसुद्धा. मैदानात शिट्ट्या वाजत होत्या, अर्ध्यांना ऐकू गेलं नसेल. पुढे बसलेले काही हसले. माझा आवाज फाटला तेव्हा भोंगेवाल्यानं माईक काढून घेतला आणि पुढची जोडी पुकारली. जोतं घेऊन कोणी आलं नाही.

म्हणून इथे लिहितो. चार बोटं रुंद, दोन पदरी, काळं जोतं. टोकाला तीन आडवे टाके. ते ज्याच्याकडे असेल त्यानं कसं आणलं ते मी विचारणार नाही. त्यानं ते फक्त कानाशी धरून एकदा वाकवावं, आणि कटकट ऐकू आली तर माझ्यासारखं स्वतःला समजावू नये, नाही आली तरी कापून पाहावं.

सध्या पावसाळा आहे, पट बंद आहेत. ज्याच्या घरी ते खुंटीला लटकलं आहे तो माणूस दिवाळीची वाट पाहत असेल. ओल धरू नये म्हणून मधून मधून त्याला तेल चोळत असेल. तेल चोळलं की ते आणखी देखणं दिसतं.